फोटो एडिटिंगसाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

'फोटो एडिटिंग' या एका नावाखाली निदान चार वेगवेगळी कामं येतात, आणि सॉफ्टवेअर निवडतानाचा बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. अंधारलेला फोटो उजळवणं, चेहऱ्याचा रंग नीट करणं, तिरकं क्षितिज सरळ करणं हे एक काम. फोटोत आलेली विजेची तार काढणं, मागची भिंत बदलणं, दोन फोटोंचा एक करणं हे दुसरं. फोटोवर मजकूर टाकून पोस्टर किंवा व्हिडिओचं थंबनेल बनवणं हे तिसरं. आणि कोऱ्या पानावर चित्र किंवा लोगो काढणं हे चौथं. या चारही कामांसाठी लोकांच्या तोंडी नाव मात्र एकच असतं, फोटोशॉप.

फोटोशॉप ही चारही कामं करू शकतं, यात वाद नाही. त्याची पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० मध्ये आली, १९९४ मध्ये तिसऱ्या आवृत्तीत लेयर (एकावर एक थर रचून काम करायची सोय) आले, आणि पुढे व्यावसायिक कामाची पट्टी तेच ठरलं. पण त्याची जडणघडण मुळात दुसऱ्या कामासाठी झाली आहे: चित्राच्या एकेका पिक्सेलपर्यंत जाऊन बदल करण्यासाठी. एडिटिंग शिकू पाहणाऱ्या बहुतेकांची गरज मात्र पहिल्या कामाची असते. म्हणून माझं ठाम मत असं, की आपलं काम यांतलं कोणतं ते आधी ठरवावं, त्या कामाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर मनापासून वापरून पाहावं, आणि 'माझं अमुक काम इथे अडतंय' असं नेमकं बोट ठेवता आलं तरच पैसे खर्च करावेत.

उजेड आणि रंग सुधारायचे असतील तर

कॅमेरा, आणि आता बरेच फोनसुद्धा, फोटो दोन प्रकारे साठवू शकतात: जेपेग, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया करून दिलेली तयार फाइल, आणि रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती. जेपेग फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगासाठी काळ्यापासून पूर्ण उजळापर्यंत २५६ पायऱ्या असतात. चांगल्या कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉ फाइलमध्ये याच पायऱ्या १६,३८४ असतात. नुसता फोटो बघताना हा फरक डोळ्याला जाणवत नाही. सावलीतला चेहरा बराच उजळवायला घेतला, की जाणवतो. जेपेगमध्ये सावलीच्या वाट्याला मुळात थोड्याच पायऱ्या आलेल्या असतात. त्या ताणल्या की चेहऱ्यावर डाग आणि आकाशात पट्टे दिसू लागतात. रॉमध्ये ताणायला बरीच जागा शिल्लक असते. व्हाइट बॅलन्सचंही (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून केलेल्या रंगजुळणीचंही) तसंच. जेपेगमध्ये तो शिजून पक्का झालेला असतो, रॉमध्ये नंतर हवा तसा ठरवता येतो.

रॉ फाइलवर काम करणारी सॉफ्टवेअर वेगळ्या जातीची असतात. लाइटरूम (पहिली आवृत्ती २००७) आणि कॅप्चर वन ही पैसे घेणारी, डार्कटेबल आणि रॉथेरपी ही पूर्ण फुकट आणि मुक्तस्रोत, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांसाठी खुला आहे अशी. या सगळ्यांची कामाची रीत एकच आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे: ती मूळ फाइलमध्ये काहीही बदलत नाहीत. 'एक्स्पोजर इतकं वाढवा, इथून क्रॉप करा, सावल्या उचला' अशा सूचनांची एक यादी ती बाजूला लिहून ठेवतात, आणि फोटो एक्स्पोर्ट करताना त्या सूचना लागू करून नवी फाइल तयार करतात. मूळ फोटो जसाच्या तसा राहतो, आणि दोन वर्षांनी मत बदललं तरी कुठल्याही पायरीवर परत जाता येतं.

याचा दुसरा फायदा मला जास्त मोलाचा वाटतो. एका कार्यक्रमाचे चारशे फोटो एकाच दिव्याखाली काढले असतील, तर एका फोटोवरच्या सूचना उचलून बाकीच्या सगळ्यांवर एकदम डकवता येतात. हेच चारशे फोटो फोटोशॉपमध्ये एकेक उघडून सेव्ह करायचे ठरवले, तर बॅचची सोय असली तरी काम कितीतरी जड होतं. शिवाय या सॉफ्टवेअरमध्ये फोटोंची लायब्ररीही सांभाळली जाते: तारांकन, टॅग, शोध. ज्याच्या हातून महिन्याला शेकडो फोटो जातात, त्याने सुरुवात इथून करावी.

एक पर्याय फार कमी लोकांच्या ध्यानात येतो. कॅमेरा बनवणाऱ्या कंपन्या त्यांच्या रॉ फाइलसाठी स्वतःचं सॉफ्टवेअर फुकट देतात: कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल, निकॉनचं एनएक्स स्टुडिओ, सोनीचं इमेजिंग एज. कॅमेऱ्याच्या पडद्यावर जे रंग दिसले तेच रंग इथे पहिल्या क्लिकला मिळतात. दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइल त्यात चालत नाहीत, ही त्यांची मर्यादा. पण ज्याच्याकडे एकच कॅमेरा आहे त्याला तिचं काय? कॅमेरा घेताना या सॉफ्टवेअरचे पैसे आपण एका अर्थी भरलेलेच असतात.

डार्कटेबल आणि लाइटरूम यांत ताकदीच्या बाबतीत मोठी तफावत नाही. तफावत आहे ती शिकण्याच्या वेळेत. डार्कटेबल उघडल्यावर समोर मॉड्यूलांची लांबलचक रांग येते, एकच काम करायचे तीन-चार मार्ग दिसतात, आणि कोणता का निवडायचा हे कळायला काही आठवडे जातात. लाइटरूमचे स्लायडर पहिल्याच बैठकीत हाताशी येतात, आणि तीच लायब्ररी फोनवरही उघडते. लाइटरूमला आपण पैसे देतो ते मुख्यतः या दोन सोयींसाठी. वेळ असेल आणि खोलात जायची आवड असेल, तर डार्कटेबल त्या वेळेची पुरेपूर भरपाई करतं.

फक्त फोनवरच फोटो काढायचे आणि फोनवरूनच पाठवायचे असतील, तर हा सगळा पसारा लागतच नाही. फोनच्या गॅलरीतलं एडिटिंग किंवा स्नॅपसीड पुरेसं आहे. स्नॅपसीड २०१२ पासून गूगलकडे आहे, फुकट आहे, आणि फोटोच्या एखाद्याच भागावर बोट ठेवून तेवढाच उजळवण्याची त्याची सोय छान आहे.

फोटोच्या आत बदल करायचे असतील तर

इथे लेयर आणि मास्क हे दोन शब्द येतात. एकावर एक ठेवलेले पारदर्शक कागद डोळ्यासमोर आणा: खाली मूळ फोटो, वरच्या कागदावर दुरुस्ती, त्याच्यावर मजकूर. कुठलाही कागद सरकवता येतो, झाकता येतो, काढून टाकता येतो, आणि खालच्याला धक्का लागत नाही. हे झाले लेयर. मास्क म्हणजे एखाद्या लेयरचा कोणता भाग दिसावा आणि कोणता लपावा हे ठरवणारा काळा-पांढरा नकाशा: पांढरं तिथे दिसतं, काळं तिथे लपतं. खोडरबराने पुसलेलं परत येत नाही. मास्कने लपवलेलं केव्हाही परत आणता येतं. तेव्हा या कामासाठी सॉफ्टवेअर बघताना 'लेयर आणि मास्क आहेत का' हा पहिला प्रश्न, आणि 'रंगसुधारणा आणि फिल्टर नंतर बदलता येतात का' हा दुसरा.

या दुसऱ्या प्रश्नावर जिंप बरीच वर्षं मागे होतं. जिंप १९९५ मध्ये दोन विद्यार्थ्यांनी सुरू केलं, ते मुक्तस्रोत आहे, आणि व्यावसायिक कामासाठीही कुणाला एक पैसा द्यावा लागत नाही. पण त्यात एकदा ब्लर लावला की तो चित्रात कायमचा मिसळायचा. मार्च २०२५ मध्ये जिंप ३.० आलं आणि बरेचसे फिल्टर लेयरवर लावून नंतर बदलता येऊ लागले. इंटरनेटवर जिंपबद्दल जे नकारात्मक लिहिलेलं सापडतं त्यातलं बरंच या आधीचं आहे. वाचताना तारीख नक्की बघा.

अ‍ॅफिनिटीची गोष्ट आणखी बदलली आहे. 'एकदाच पैसे द्या आणि कायम वापरा' म्हणून हे सॉफ्टवेअर लोकांना आवडायचं. मार्च २०२४ मध्ये ऑनलाइन डिझाइनचं साधन बनवणाऱ्या कॅनव्हाने त्याची मूळ कंपनी विकत घेतली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये फोटो, व्हेक्टर (रेषांचं चित्रकाम) आणि पानमांडणी हे तिन्ही भाग एकत्र करून ते फुकट केलं. एआयच्या सोयी मात्र कॅनव्हाच्या सशुल्क योजनेत ठेवल्या. फोटोशॉपच्या जवळ जाणारं काम एक पैसा न देता करायचं असेल, तर विंडोज आणि मॅकवर आज मी पहिलं नाव याचंच घेईन. मात्र हे मुक्तस्रोत नाही. फुकट ठेवायचं की नाही हे कंपनीच्या हातात आहे, आणि त्याची स्वतःची फाइल दुसरीकडे उघडत नाही. त्यामुळे महत्त्वाच्या कामाची एक प्रत पीएसडी (फोटोशॉपची फाइल) किंवा टिफमध्येही (तपशील न गमावणारा फाइलप्रकार) ठेवत जा.

संगणकावर काही इन्स्टॉल करायचंच नसेल, तर फोटोपिया ब्राउझरमध्ये चालतं, त्याची मांडणी फोटोशॉपसारखी आहे, आणि फाइल सर्व्हरवर न जाता आपल्याच संगणकावर उघडते. त्याच्या बदल्यात जाहिराती दिसतात. विंडोजवर हलकंफुलकं काम असेल तर पेंट डॉट नेट झटपट उघडतं आणि त्यातही लेयर आहेत.

मग फोटोशॉपचे पैसे कधी द्यावेत? समोरचा माणूस पीएसडी फाइल पाठवतो आणि तशीच परत मागतो तेव्हा. पीएसडी जिंप, क्रिता (चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर), अ‍ॅफिनिटी, फोटोपिया या सगळ्यांत उघडते, पण स्मार्ट ऑब्जेक्ट (मूळ रूप जपून आत ठेवलेलं चित्र), लेयर इफेक्ट, मजकूर यांतलं काहीतरी वाटेत बदलण्याची शक्यता असते. दहा जणांच्या टीममध्ये अशी एक फाइल बिघडली तर वाचलेले पैसे तिथेच जातात. नोकरीच्या जाहिरातीत फोटोशॉप मागितलं असेल, तेव्हाही फोटोशॉपच शिकावं. आणि केसांसारख्या नाजूक कडा निवडण्याचं काम रोजचं असेल, तर त्याची सिलेक्शनची साधनं खरोखर वेळ वाचवतात. यांतलं काहीच लागू नसेल, तर नुसत्या नावासाठी दर महिन्याला पैसे भरू नयेत.

मजकूर, चित्र आणि लोगो

पोस्टर किंवा सोशल मीडियाची पोस्ट बनवायला फोटो एडिटर उघडणं हा लांबचा रस्ता आहे. कॅनव्हासारख्या साधनात साचे तयार असतात, आणि ज्याचा हा रोजचा धंदा नाही त्याने त्यांचा वापर करण्यात कमीपणा मानू नये. देवनागरी मजकूर टाकायचा असेल तर मात्र एक चाचणी आधीच करा: 'स्त्री', 'क्षितिज', 'सर्व', 'ज्ञान', 'कर्तृत्व' हे शब्द टाइप करून पाहा. जोडाक्षरं सुटी पडली, रफार भलत्याच अक्षरावर गेला किंवा वेलांटी चुकीच्या बाजूला बसली, तर त्या सॉफ्टवेअरची मजकुराची सेटिंग किंवा फॉन्ट बदलून पाहा. तरीही जमलं नाही तर मराठी मजकुराच्या कामासाठी ते बाद धरा. फॉन्टचा परवानाही वाचा. वैयक्तिक वापरासाठी फुकट असलेला फॉन्ट जाहिरातीत वापरायला परवानगी असेलच असं नाही.

लोगोसाठी पिक्सेलवर चालणारं कुठलंच सॉफ्टवेअर नको. पिक्सेलचं चित्र मोठं केलं की फाटतं. व्हेक्टर चित्रात रेषा गणिताने साठवलेल्या असतात, त्यामुळे तोच लोगो व्हिजिटिंग कार्डावर आणि मोठ्या फलकावर सारखाच धारदार उमटतो. त्यासाठी इंकस्केप फुकट आहे, पैसे देऊन इलस्ट्रेटर. हाताने डिजिटल चित्रं रंगवायची असतील तर क्रिता बघा; ते चित्रकारांना डोळ्यासमोर ठेवूनच घडवलंय आणि त्याचे ब्रश फार सुंदर आहेत.

छपाईला जाणार असेल तर

पडदा उजेडाचे तीन रंग (लाल, हिरवा, निळा, म्हणजे आरजीबी) मिसळून चित्र दाखवतो, छपाईयंत्र शाईचे चार रंग वापरतं: निळसर सायन, गुलाबीसर मॅजेंटा, पिवळा आणि काळा. यालाच सीएमवायके म्हणतात. पडद्यावरचे काही झगझगीत हिरवे-निळे शाईत येतच नाहीत. फोटोशॉप, अ‍ॅफिनिटी आणि क्रितामध्ये थेट सीएमवायकेत काम होतं. जिंपमध्ये काम आरजीबीतच चालतं, पण छापल्यावर रंग कसे दिसतील याचा अंदाज पडद्यावर बघता येतो आणि काही प्रकारच्या फाइल सीएमवायकेत एक्स्पोर्टही होतात. फोटोच्या प्रिंट काढणाऱ्या बऱ्याच ठिकाणी साधी आरजीबी जेपेगच मागतात. म्हणून यासाठी सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी छापणाऱ्याला एकदा विचारा.

आकाराचा हिशेबही सोपा आहे. जवळून बघायच्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल पुरेसे असतात. त्या हिशेबाने ए-४ पानाला २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे ८७ लाख पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या, म्हणजे १२० लाख पिक्सेलच्या फोनचा न कापलेला फोटो याला आरामात पुरतो. तेवढ्यासाठी फोटो मोठे करणारं वेगळं सॉफ्टवेअर घ्यायची गरज नाही.

खर्च कसा मोजायचा

२०१३ मध्ये फोटोशॉप आणि लाइटरूम बनवणाऱ्या अ‍ॅडोबीने फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्या एकरकमी विकणं थांबवलं आणि सबस्क्रिप्शनची वाट धरली. तेव्हापासून खर्च मोजायची रीतही बदलायला हवी होती, पण आपण अजून महिन्याचा आकडा बघूनच ठरवतो. माझ्या मते हिशेब तीन वर्षांचा करावा: महिन्याचा हप्ता गुणिले ३६. तो आकडा कागदावर लिहा आणि त्याच्या शेजारी एकरकमी मिळणाऱ्या पर्यायाची किंमत लिहा. एकरकमी म्हणजे कायमचं असं मात्र समजू नका, मुदत तपासा. फोटोशॉप एलिमेंट्स या फोटोशॉपच्या सोप्या भावंडाच्या २०२५ च्या आवृत्तीपासून परवाना तीन वर्षांपुरताच मिळतो.

योजनेचं नावही नीट वाचा. 'वार्षिक करार, मासिक हप्ता' आणि 'मासिक' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत हप्ता कमी असतो, पण वर्ष पुरं व्हायच्या आत बाहेर पडलात तर शुल्क लागू शकतं. हे शुल्क ग्राहकांना पुरेसं स्पष्ट दाखवलं नाही, या आरोपावरून जून २०२४ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडोबीवर खटला दाखल झाला. विद्यार्थी असाल तर सवलतीचा दर विचारा, आणि सवलत संपल्यावरचा दरही तेव्हाच विचारा.

संगणकाचा खर्च बहुतेक जण विसरतात. २४ मेगापिक्सेलचा फोटो १६ बिटमध्ये उघडला की दर पिक्सेलमागे तीन रंग आणि दर रंगामागे दोन बाइट, म्हणजे एक लेयर साधारण १४४ एमबी मेमरी घेतो. दहा लेयर झाले की १.४ जीबी, आणि अनडूसाठी राखलेली जागा आणखी वेगळी. ८ जीबी रॅमच्या संगणकावर ब्राउझर उघडा ठेवून हे काम करायला गेलात तर सॉफ्टवेअर कितीही महाग असलं तरी अडखळणारच. अशा वेळी सबस्क्रिप्शनपेक्षा रॅम वाढवणं शहाणपणाचं. ऑपरेटिंग सिस्टिमही आधी बघा: लिनक्सवर अ‍ॅडोबीची सॉफ्टवेअर मिळत नाहीत, तर जिंप, क्रिता, डार्कटेबल तिन्ही चालतात. पिक्सेलमेटर हे फोटो एडिटर फक्त अ‍ॅपलच्या यंत्रांवर चालतं आणि २०२५ पासून ते अ‍ॅपलच्याच मालकीचं आहे.

एआयच्या सोयींबद्दल थोडक्यात: नॉइज (फोटोतले दाणेदार ठिपके) काढणारी साधनं बऱ्याचदा आपल्याच संगणकावर चालतात आणि त्यांना चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतं, फोटोत नवं काही भरून देणारी साधनं सहसा फोटो कंपनीच्या सर्व्हरवर पाठवतात आणि त्यांच्या वापराला महिन्याची मर्यादा असते. दुसऱ्याचे खाजगी फोटो हाताळत असाल तर त्यांना विचारल्याशिवाय या दुसऱ्या प्रकाराला हात लावू नका.

ट्रायल वाया घालवू नका

ट्रायलचे दिवस थोडे असतात आणि ते बहुधा नवे फिल्टर लावून बघण्यात संपतात. त्याऐवजी आपलेच फोटो घ्या, आपल्या नेहमीच्या कामातले: एक खूप अंधारलेला, एक गर्दीतून काहीतरी काढायचं असलेला, आणि तीसेक फोटोंचा एक गठ्ठा ज्यावर एकसारखी सुधारणा करायची आहे. हेच काम फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये एकदा आणि ट्रायलमध्ये एकदा करा. निकालाचे फोटो नावं लपवून शेजारी ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी विचारा कोणता चांगला. फरक दिसला नाही आणि वेळही फारसा वाचला नाही, तर निर्णय झाला. ट्रायल सुरू करताना कार्डाची माहिती दिली असेल, तर रद्द करायची तारीख त्याच क्षणी फोनमध्ये टाकून ठेवा.

शेवटचा प्रश्न सॉफ्टवेअर सोडून जाण्याचा, आणि तो विकत घेण्याआधीच विचारायचा असतो. लाइटरूम क्लासिकचं सबस्क्रिप्शन संपलं तरी लायब्ररी उघडते आणि फोटो एक्स्पोर्टही करता येतात, पण उजेड-रंग सुधारायचा डेव्हलप विभाग बंद होतो. तारांकन आणि टॅग दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येतात. उजेड-रंगाच्या सूचना मात्र नीट जात नाहीत, कारण प्रत्येकाचे स्लायडर वेगळं गणित करतात. एकरकमी घेतलेल्या जुन्या आवृत्तीची अडचण उलटी असते: नवा कॅमेरा घेतला की त्याची रॉ फाइल तिला ओळखता येत नाही. तिथे अ‍ॅडोबीचं फुकट मिळणारं डीएनजी कन्व्हर्टर (डीएनजी हा रॉचाच एक खुला प्रकार) उपयोगी पडतं, कारण नव्या रॉचं डीएनजी केलं की अनेक जुनी सॉफ्टवेअर ती उघडतात. म्हणून मूळ फोटो साध्या फोल्डरमध्ये, वर्ष आणि महिन्याच्या नावाने ठेवा, कुठल्याही एका सॉफ्टवेअरच्या पोटात नको. आणि जे फोटो मनासारखे झाले आहेत, त्यांची पूर्ण आकाराची टिफ किंवा उत्तम दर्जाची जेपेग प्रत काम संपलं की लगेच काढून ठेवा. जेपेग परत परत उघडून सेव्ह केली की दर वेळी थोडा तपशील जातो, म्हणून पुढे बदल करायचे असतील तर टिफच ठेवा.